विहीणबाईंच्या जर्मन पूर्वजांचे मूळ गाव कसे शोधावे?

कोथरूडकर:
आमची कन्या लग्नानंतर अमेरिकेतील मिलवॉकीत स्थायिक झाली असून तिच्या सासूबाईंचे, म्हणजे आमच्या विहीणबाईंचे, खापरपणजोबा १८५६ साली जर्मनीतून तेथे आले होते. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतील आमच्या घराण्याच्या नोंदी मी त्यांना दाखवल्या, तेव्हापासून आपलेही मूळ गाव कळावे अशी ओढ त्यांना लागली आहे. १८६०च्या जनगणनेत जन्मस्थान म्हणून ‘प्रशिया’ एवढेच लिहिलेले सापडते. मूळ आडनाव त्सिमरमान होते आणि न्यूयॉर्क बंदरात स्थलांतरितांची नोंद होई त्या एलिस बेटावरील कारकुनाने त्याचे कार्पेंटर केले, असे घरात सांगतात. जहाज ब्रेमेनहून सुटले होते. पुढचा शोध कोठे घ्यावा?

जुनीदप्तरे:
एलिस बेटावरील ठाणे १ जानेवारी १८९२ रोजी सुरू झाले, त्यामुळे ती कथा बाजूला ठेवावी लागेल. १८५६ मध्ये न्यूयॉर्कला उतरणाऱ्यांची नोंद कॅसल गार्डनमध्ये होत असे. शिवाय कारकून जहाजाच्या यादीवरून नावे तपासत, नवी नावे ठेवत नसत; त्सिमरमान म्हणजे सुतार, आणि त्याचे इंग्रजी भाषांतर बहुधा कुटुंबानेच सोयीसाठी केले असावे.

‘प्रशिया’ या शब्दावर फार विसंबू नका. जर्मनीचे एकीकरण १८७१ साली झाले. त्यापूर्वीच्या प्रशियात पश्चिमेची ऱ्हाइन नदीकाठची गावेही होती आणि आज पोलंडमध्ये असलेला सायलेशियाही होता. ब्रेमेनच्या प्रवासी याद्यांचीही आशा धरू नये, कारण १९२०पूर्वीच्या जवळजवळ सर्व याद्या नष्ट झाल्या आहेत. (हॅम्बुर्गच्या याद्या १८५०पासून टिकल्या आहेत. आपल्या दुर्दैवाने बंदर दुसरे निघाले.) नागरिकत्वाच्या त्या काळातील कागदांत प्रशियाच्या राजावरील निष्ठा सोडल्याचे वाक्य असते, गावाचे नाव क्वचितच.

माझ्या अनुभवानुसार गाव सापडते ते अमेरिकेतील जर्मन चर्चच्या वह्यांत. पाद्री स्वतः जर्मन असल्याने विवाहाच्या आणि दफनाच्या नोंदीत तो अनेकदा जन्मगाव लिहून ठेवी. खापरपणजोबांच्या नोंदीत ते नसेल, तर त्यांच्या भावंडांच्या, शेजाऱ्यांच्या आणि मुलांच्या धर्मपित्यांच्या (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणाऱ्यांच्या) नोंदी पाहाव्यात, कारण एका गावातील माणसे एकमेकांच्या मागोमाग येऊन जवळजवळ वस्ती करीत. मिलवॉकीजवळचे फ्रायश्टाट हे गाव तर १८३९ मध्ये प्रशियाच्या पोमेरेनिया प्रांतातून समूहाने आलेल्या जुन्या लुथरन पंथीयांनीच वसवले.

कोथरूडकर:
आपल्या सूचनेप्रमाणे चर्चला पत्र लिहिले आणि १८५८ मधील विवाहनोंदीचे छायाचित्र मिळाले. अडचण एवढीच की त्यातील एकही शब्द आम्हाला वाचता येत नाही. घरात जर्मन येणारेही कोणी उरले नाही. विहीणबाईंच्या आजीला ती भाषा येत असे, पण पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी ती घरात कधी उच्चारली नाही.

मोडीवाचक:
आजींचे मौन समजण्यासारखे आहे. १९१८ मध्ये आयोवाच्या गव्हर्नरांनी सार्वजनिक ठिकाणी इंग्रजीखेरीज अन्य भाषा बोलण्यावर बंदी घातली होती आणि नेब्रास्काने शाळांतून लहान मुलांना परभाषा शिकवण्याविरुद्ध १९१९ साली केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये रद्द केला.

ती लिपी ‘कुरेंट’ ही जुनी जर्मन हस्तलिपी असावी. उत्तम जर्मन जाणणाऱ्यालाही ती सरावाशिवाय वाचता येत नाही. मराठी येते म्हणून पेशव्यांचे मोडी दप्तर वाचता येईलच असे नसते, तसेच हे आहे. तिच्यातील ‘ई’ आणि ‘एन’ ही रोमन अक्षरे जवळजवळ सारखी दिसतात, तर ‘यू’ ओळखता यावा म्हणून त्याच्या डोक्यावर छोटी वक्र रेघ काढलेली असते. प्रथम वर आणि वधू यांची नावे शोधा, कारण ती तुम्हाला आधीच माहीत आहेत, आणि त्यांतील अक्षरे वेगळ्या कागदावर उतरवून त्यांच्या आधारे गावाचे नाव जुळवा. जे तीन-चार पर्याय निघतील ते १९१२च्या सुमारास निघालेल्या मायर यांच्या स्थलकोशात ताडून पाहा. जर्मन साम्राज्यातील लहान वाड्यावस्त्याही त्यात आहेत.

जुनीदप्तरे:
गाव ठरल्यावर पंथ पाहावा. प्रोटेस्टंट वह्या बहुधा ‘आर्किऑन’ या सशुल्क संकेतस्थळावर सापडतात, कॅथलिक वह्या ‘मॅट्रिक्युला’वर विनामूल्य. सरकारी जन्मनोंदणी संपूर्ण जर्मनीत १८७६ पासूनची आहे, म्हणून तुमच्या कामाची ठरेल ती चर्चची वहीच. नोंदीतील गावाच्या ओळीचे मोठे छायाचित्र येथे टाकलेत, तर आम्हीही वाचून पाहू.