आजोबांची ब्रनो .२२ रायफल पन्नास मीटरवर गोळ्या पसरवते आहे, नवा स्कोप घेऊ का? (नाशिक)

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. आजोबांची ब्रनो .२२ वडिलांनंतर वारसाहक्काने माझ्या परवान्यावर आली, त्याला दीड वर्ष झालं. आजोबा दिंडोरीच्या बाजूला ससे-तितर मारायचे. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि त्यांनी ती तेल लावून कपाटात ठेवली. मला फक्त रेंजवर कागदावर मारायची आहे.

अडचण अशी: ५० मीटरवर पालथं झोपून, पुढे वाळूची पिशवी घेऊन पाच गोळ्यांचा ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पसारा) नऊ-दहा सेंटिमीटर येतोय. पहिल्या दोन जवळजवळ पडतात, पुढच्या वर-डावीकडे सरकतात. मे महिन्यात हाच ग्रुप चार सेंटिमीटरचा होता. ऑक्टोबरपासून बिघडलंय. स्कोप (रायफलीवरची नेमाची दुर्बीण) साधा ४×३२. गोळ्या दोन-तीन उरलेल्या डब्यांतल्या. बजेट १२ हजार, वर एक रुपया नाही, मुलीची फी भरायची आहे. स्कोप बदलू का?

कॉलेजरोड_शूटर
बदला, विचार करू नका. मी पण आधी स्वस्तातला वापरला आणि एक अख्खा सीझन वाया घालवला. आता ४५ हजारांचा घेतलाय, साइड पॅरलॅक्सवाला (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसतो, तो दोष बाजूच्या चकतीने घालवता येतो), ५० मीटरवर पाचही गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतात. काचेत पैसे वाचवू नयेत.

गोदाकाठ
दादा, बजेट १२ आहे.

कॉलेजरोड_शूटर
मग थोडं थांबा, साठवा आणि एकदाच चांगला घ्या.

देवळाली_निवृत्त
एक पैसाही खर्च करायच्या आधी हे करा. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री, मॅगझिन बाहेर, बोल्ट बाहेर. मग दस्त्याच्या (रायफलीच्या लाकडी भागाच्या) खालचे पुढचा आणि मागचा स्क्रू बघा. माझी खात्री आहे, एक तरी सैल निघेल. त्यानंतर स्कोपच्या रिंगा आणि रिंगा जिथे खाचेत बसतात ती जागा. पेन्सिलने रेघ मारून ठेवा, वीस गोळ्यांनंतर रेघ सरकली तर स्कोप घसरतोय. फौजेत शिस्त घ्यायला (नेम धरायला) शिकवण्याआधी हत्यार तपासायला शिकवतात.

आणि तुम्ही प्रत्येक गोळीनंतर स्कोपच्या चकतीचे क्लिक फिरवता का? खरं सांगा.

गोदाकाठ
हो सर, फिरवतो. वर गेली की खाली घेतो.

देवळाली_निवृत्त
तिथेच अर्धा ग्रुप गेला. पाव मिनिटाचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक ५० मीटरवर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास सरकवतो. तुम्ही चार फिरवले की दीड सेंटिमीटर तुम्हीच हलवलं, रायफलने नाही. पाच गोळ्या एकाच ठिकाणी शिस्त घेऊन मारा, कुठेही पडोत. मग मध्य काढा आणि एकदाच फिरवा.

लेक_नेमबाज_आई
माझी मुलगी नववीत आहे, दहा मीटर एअर रायफल मारते, रोज पहाटे साडेपाचला उठते. माझं म्हणणं, ही जुनी रायफल ठेवून द्या आणि .१७७ ची एअर रायफल घ्या. वीस ज्यूलच्या आतली असेल तर परवानाही लागत नाही, छर्रे स्वस्त, घरी दहा मीटरची जागा असली की रोज सराव होतो. स्वप्नील कुसाळे पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला कांस्य घेऊन आला, ४५१.४ गुण. तेव्हापासून आमच्या घरी दुसरा विषय नाही.

गोदाकाठ
ताई, मुलीला खूप शुभेच्छा. पण मला आजोबांचीच मारायची आहे.

सिन्नरचा_शेतकरी
भाऊ, आमच्याकडे रानडुकरांनी मका पार आडवा केलाय. असली .२२ असती तर बरं झालं असतं. एखादं घेता येतं का हिच्यावर?

देवळाली_निवृत्त
नाही. वन खात्याच्या परवानगीशिवाय डुकरावर गोळी झाडली की गुन्हा. शिवाय .२२ ने डुक्कर जखमी होऊन उसात शिरेल आणि दुसऱ्या दिवशी तोडणीच्या बाईवर येईल. नुकसानीचा पंचनामा करून घ्या, भरपाईचा अर्ज करा.

सिन्नरचा_शेतकरी
अर्ज केलाय. दोन वर्षं झाली. बिबट्याही येतो, त्याचं तर नावही काढता येत नाही.

पंचवटी_पॉइंट२२
मूळ विषयावर या. कोणी गोळ्यांबद्दल बोलतच नाहीये! उरलेल्या दोन-तीन डब्यांतल्या गोळ्या एकत्र मारल्यावर ग्रुप कसा येणार? जास्त वेगाची .२२ नळीतून ध्वनीच्या वेगापुढे निघते आणि वाटेत त्या वेगाखाली उतरते, तिथे डळमळते. ध्वनीचा वेग साधारण ३४० मीटर सेकंदाला, स्टँडर्ड व्हेलॉसिटीची गोळी आधीपासूनच त्याच्या खाली असते. एकाच कंपनीचा, एकाच लॉटचा ५० चा डबा घ्या. डबा बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नका, नळीत नव्या गोळीचं मेण बसू द्या. माझ्या रायफलीला महागडी मॅच गोळी मानवली नाही, मधल्या किमतीची मानवली. प्रत्येक नळीची आवड वेगळी.

अंबड_टर्नर
क्राउन बघा. नळीच्या तोंडाची कड. जुन्या रायफली तोंडाकडून रॉड घालून साफ केल्या की कड एका बाजूने झिजते. मी रोज लेथवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काम करतो, कड किती नाजूक असते ते मला माहीत आहे. कापसाचा बोळा तोंडावर गोल फिरवा, तंतू अडकला तर तिथे ओरखडा आहे. घेऊन या, मी लेथवर साफ करून देतो.

देवळाली_निवृत्त
कृपया असं करू नका. शस्त्राची दुरुस्ती परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडेच होते, अंबडच्या वर्कशॉपमध्ये नाही. तुम्हीही अडकाल आणि तेही.

अंबड_टर्नर
मदतीच्या भावनेने लिहिलं. बघायला काय हरकत आहे.

गंगापूररोड_काका
स्क्रू तपासा. स्क्रू सैल असतात नेहमी.

कॉलेजरोड_शूटर
हे वर सांगून झालंय काका.

गंगापूररोड_काका
पण जास्त आवळू नका, हे कोणी सांगितलं नाही. मी जोरात आवळले आणि स्कोपच्या नळीला रिंगेचा वळ पडला, आतली क्रॉसहेअर फिरायचीच बंद झाली. गेले साडेआठ हजार. रिंगेच्या स्क्रूला १५ ते १८ इंच-पाउंड पुरे, टॉर्कचा पाना मागून आणा कुणाचा तरी.

त्र्यंबक_पाऊस
मे ते ऑक्टोबर हा फरक कोणी बघितला का? पावसाळ्यात रायफल कुठे होती?

गोदाकाठ
त्र्यंबक रोडच्या घरी, लाकडी कपाटात. त्या खोलीच्या भिंतीला ओल येते.

त्र्यंबक_पाऊस
मग हेच. माझ्या वडिलांच्या बंदुकीचं असंच झालं होतं. अक्रोडाचं लाकूड पावसाळाभर दमट हवा पितं, फुगतं, दस्त्याची खाच नळीला एका बाजूने टेकते. ऑक्टोबर हीटमध्ये तेच लाकूड आकसतं आणि स्क्रू ढिले पडतात. गोळ्या मारत गेलं की नळी टेकलेल्या बाजूने ढकलली जाते, म्हणून तुमच्या पुढच्या गोळ्या एकाच दिशेला सरकतात. स्कोपचा पॅरलॅक्स असता तर अशी ठरावीक दिशा मिळाली नसती, कुठेही गेल्या असत्या.

शंभराची नोट नळी आणि दस्त्याच्या मधून तोंडाकडून मागे सरकवत न्या. कुठे अडते ते लिहा. मात्र लगेच पॉलिश पेपर घेऊन घासायला बसू नका, काही जुन्या रायफलींना दस्त्याच्या टोकाशी मुद्दाम टेकू दिलेला असतो. तो दोन्ही बाजूंनी सारखा असतो, तुमचा दोष एका बाजूचा असेल. आणि वाळूची पिशवी दस्त्याखालीच, नळीखाली कधीही नको.

पंचवटी_पॉइंट२२
लाकूड वगैरे ठीक, पण आधी गोळ्या. अजून एक: रेंजवरची .२२ घेऊन त्याच गोळ्या स्वतः मारून बघा. तीही पसरली तर दोष गोळ्यांत किंवा तुमच्यात आहे, रायफलीत नाही.

लेक_नेमबाज_आई
हे आमचे कोचही सांगतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. मुलीच्या दोन वह्या भरल्या.

गोदाकाठ
मंडळी, रविवारी रेंजवर गेलो होतो, सगळं लिहितो.

रेंजच्या रायफलीने एकाच डब्यातल्या गोळ्यांचा माझा ग्रुप अडीच सेंटिमीटर आला. म्हणजे मी बरा आहे. आमच्या रायफलीचा पुढचा स्क्रू जवळजवळ पाऊण फेरा सैल निघाला. नोट उजव्या बाजूला, दस्त्याच्या मध्यावर अडली. देवळालीच्या सरांची पेन्सिलची रेघही सरकली, स्कोप एक मिलिमीटर सरकलेला. सर आणि त्र्यंबक, दोघंही बरोबर.

स्क्रू बेताने आवळले, त्याच डब्यातल्या पंधरा गोळ्या सोडून मग मोजल्या: साडेपाच सेंटिमीटर. दस्ता सध्या कोरड्या खोलीत ठेवलाय, महिनाभराने पुन्हा नोट फिरवीन. तरीही अडली तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे नेईन.

पण स्कोप मी काढून टाकला. नवाही घेणार नाही. मागच्या साइटची सरकपट्टी आजोबांनी बोटांनी झिजवलेली आहे, आकडे जेमतेम दिसतात. तीच लावून दहा गोळ्या मारल्या. ग्रुप सहाचा आला, स्कोपपेक्षा मोठाच. तरी मला याच साइटवर शिकायचं आहे.

कॉलेजरोड_शूटर
चूक करताय. चाळिशीनंतर उघड्या साइटवर डोळा पुढची टोकळी (नळीच्या तोंडावरची साइट) आणि कागद एकदम पकडत नाही. ५० मीटरच्या कागदावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, ते तुम्हाला दिसणार तरी आहे का?

गोदाकाठ
वर्तुळ दिसत नाही. काळा गोळा दिसतो, त्याच्या बुडाशी शिस्त घेतो.

देवळाली_निवृत्त
बुडाशी घ्या, बरोबर आहे. टोकळी स्वच्छ दिसली पाहिजे, कागद धूसर चालेल. पुढच्या रविवारी मी येतो रेंजवर, नऊच्या आत या, नंतर वारा सुटतो.

पंचवटी_पॉइंट२२
त्या डब्याचा लॉट नंबर लिहून ठेवलात ना?

गोदाकाठ
ठेवला. आणखी दोन डबे त्याच लॉटचे सांगून ठेवलेत.

सिन्नरचा_शेतकरी
तो स्कोप विकणार असाल तर मला कळवा. बिबट्या बांधावर येतो तेव्हा गच्चीवरून नुसता बघायला.

देवळाली_निवृत्त
त्यासाठी दुर्बीण घ्या भाऊ, स्कोपमधून एकाच डोळ्याने बघून रात्रीचं काही हाती लागत नाही.