कोरियन रोमँटिक कॉमेडी मालिका अकराव्या-बाराव्या भागाला का रेंगाळतात?

निपाणी_वाचक
नमस्कार मंडळी. घरात सासूबाईंपासून कॉलेजच्या पुतणीपर्यंत सगळ्यांनी मिळून बघायचं म्हणून विचारतेय. कोरियन प्रेमकथांचे पहिले आठ भाग कसे सरतात कळत नाही. खरं अकरा-बारापर्यंत आलं की कथा एकाच जागी घोटाळत बसते. प्रत्येक मालिकेत तेच होतंय, म्हणजे काहीतरी कारण असणारच. लेखक कमी पडतात की पद्धतच तशी आहे? दुसरं, सासूबाईंना इंग्रजी सबटायटल वाचायला जमत नाही. हिंदी डबिंग लावलं तर नेमकं काय हरवतं? आणि पहिल्यांदाच बघणाऱ्याला कुठली मालिका द्यावी? नुसती नावं नकोत, कारण सांगा.

टिळकवाडीकर
पद्धतच तशी आहे, ताई. कोरियात या मालिका आठवड्याला दोन दिवस लागोपाठ लागतात: सोमवार-मंगळवार, बुधवार-गुरुवार किंवा शनिवार-रविवार. आठ आठवड्यांचे १६ भाग, हा तिथला जुना साचा. भाग ६० ते ७० मिनिटांचा. ६५ धरा, एकूण १७ तास २० मिनिटं होतात. दोन माणसांनी एकमेकांवर प्रेम करायचं आणि ते कबूल करायचं, एवढ्या गोष्टीला हा वेळ फार होतो.

आता मांडणी बघा. पहिल्या दोन भागांत भेट आणि गैरसमज. चौथ्यापर्यंत दोघांना एकत्र बांधणारी अट येते: लग्नाचा करार, भाड्याची खोली, नाहीतर एकाच ऑफिसातली नोकरी. आठव्याच्या आसपास कबुली. इथंच गाडी थांबते, कारण तोवरचा सगळा विनोद लपवाछपवीवर उभा असतो. तिनं खरं नाव लपवलेलं असतं, त्यानं मन लपवलेलं असतं, आणि ते फक्त आपल्याला माहीत असतं. कबुली झाली की लपवायला काही उरत नाही, आणि अजून आठ तास भरायचे असतात. मग बाहेरून माल आणतात. नायकाची आई टेबलावर पैशाचं पाकीट सरकवते. लहानपणी दोघं एकदा भेटलेले निघतात. कंपनीत खुर्चीची भांडणं लागतात. चौदा-पंधराला "तुझ्या भल्यासाठीच" म्हणून एकजण नातं तोडतो आणि सोळाव्यात "एक वर्षानंतर" अशी पाटी येते.

याला चित्रीकरणाची रीतही कारणीभूत होती. पूर्वी प्रसारण सुरू असतानाच पुढचे भाग लिहिले आणि चित्रित केले जात. सेटवर त्या दिवसापुरते सुटे कागद पोचायचे. त्याला तिकडं 'च्योक्देबोन' म्हणतात. मालिका गाजली की भाग वाढवायचे. 'माय लव्ह फ्रॉम द स्टार' (२०१३-१४) २० भागांची ठरली होती, ती २१ वर गेली. नंतर 'डिसेंडंट्स ऑफ द सन' (२०१६) आधी पूर्ण चित्रित करून मग दाखवली. २०१८ मध्ये आठवड्याला ५२ तास कामाची मर्यादा घालणारा कायदा आला, तो हळूहळू सेटवरही पोचला. आता १२ भागांच्या मालिका वाढल्यात, आणि माझ्या मते रोमँटिक कॉमेडीला तेच माप बरोबर बसतं. २००५ ची 'माय लव्हली साम सून' मूळ १६ भागांची. २०२४ मध्ये तीच नव्यानं संपादित करून ८ भागांत आणली. निम्मी कापली तरी कथा उभी राहते, यावरूनच मूळ मापात सैलपणा किती होता ते दिसतं.

खरं याच पद्धतीत त्यांची ताकदही आहे. बहुतेक मालिका एकच लेखक, आणि पुष्कळदा लेखिका, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लिहिते. आपल्याकडं रोजच्या मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि शेवट कधी ते कुणालाच ठाऊक नसतं. तिकडं शेवटाची तारीख ठरलेली असते, म्हणून बी पेरून नंतर पीक काढता येतं. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' (२०१९-२०) मध्ये नायिकेनं अनेक वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमधल्या तळ्याकाठी ऐकलेली पियानोची धून पुढं ज्या ठिकाणी परत येते, ते ठरलेल्या लांबीशिवाय जमलंच नसतं. पार्क जि-उन या लेखिकेचं ते काम आहे, आणि वर सांगितलेली 'माय लव्ह फ्रॉम द स्टार'सुद्धा तिचीच.

खानापूर_अक्का
डबिंगचं मी सांगते. या मालिकांचा अर्धा गोडवा वाक्याच्या शेपटात असतो, आणि तो पकडायला आपल्या भागातल्या माणसाचा कान आधीच तयार आहे.

कन्नडमध्ये आपण काय करतो? बरोबरीच्याला 'बा', मोठ्याला 'बर्री'. होकार द्यायचा तर 'हौद', मान देऊन 'हौद्री'. शेवटी 'री' लागला की अदब आली. कोरियनमध्ये हेच काम शेवटचा 'यो' करतो. 'गोमावो' म्हणजे जवळच्याला दिलेले आभार, 'गोमावोयो' म्हणजे अदबीनं दिलेले. 'मिआने' आणि 'मिआनेयो', माफी मागताना तसंच. पहिले काही भाग दोघं 'यो' लावून बोलतात आणि एका रात्री एकजण तो सोडून देतो. आपल्याकडं 'अहो'वरून 'अरे'वर यावं, तसंच. तिकडं त्याला बोलणं खाली ठेवणं अशा अर्थाचा वाक्प्रचारच आहे, आणि "आता बोलणं खाली ठेवूया का?" असा प्रश्न विचारला जातो. चुंबनाच्या प्रसंगापेक्षा मला हा टप्पा मोठा वाटतो. इंग्रजी सबटायटलमध्ये दोन्हीकडं एकच शब्द येतो, काही कळत नाही. हिंदीत 'आप' आणि 'तुम' आहेत, त्यामुळं डबिंग करणाऱ्यानं मनावर घेतलं तर ते टिकतं. खरं पहिल्या भेटीपासून 'तुम' लावलं की तो टप्पा गेलाच.

वय विचारण्याचंही तेच. ओळख झाल्या झाल्या "तुमचं जन्मसाल कुठलं?" विचारतात, ते उद्धटपणा म्हणून नाही. मोठं कोण ते कळल्याशिवाय वाक्य कसं संपवायचं तेच ठरत नाही.

नात्यांच्या शब्दांत डबिंग जास्त अडखळतं. 'ओप्पा' म्हणजे बाईच्या तोंडचा थोरला भाऊ, आणि प्रियकरालाही तेच म्हणतात. मराठीत 'दादा' किंवा हिंदीत 'भैया' घातलं तर प्रेमाची वाट तिथंच बंद. म्हणून डबिंगमध्ये बहुतेक वेळा नुसतं नाव येतं, आणि नायिकेनं पहिल्यांदा 'ओप्पा' म्हटल्यावर नायक एवढा का विरघळला ते कळत नाही. उलट 'योबो' हा नवराबायकोचा शब्द आपल्याला आयता समजतो, तो आपला 'अहो' आणि 'अगं'. कराराच्या लग्नाच्या कथेत नातेवाइकांसमोर दोघांना 'योबो' म्हणावं लागतं तेव्हा अवघडलेपण कशाचं आहे, हे सासूबाईंना सांगावं लागणार नाही.

ऑफिसच्या कथेत हुद्द्यावर लक्ष ठेवा. 'तीमजांग-निम' म्हणजे टीमचे प्रमुख, 'निम' म्हणजे आपलं 'साहेब'. हुद्दा जाऊन नावापुढं 'शी', म्हणजे साधारण हिंदीतलं 'जी', आलं की एक पायरी उतरली. 'शी'सुद्धा गेलं की दोघं जवळ आले.

चिकोडी_३२
एक छोटी गोष्ट, नाहीतर गोंधळ होतो. यादीत काही मालिका ३२ भागांच्या दिसतात, भाग ३०-३५ मिनिटांचा. त्या लांबड्या नाहीत, १६ च्याच आहेत. मोठ्या जुन्या वाहिन्यांना कार्यक्रमाच्या मध्ये जाहिरात लावायला परवानगी नव्हती, म्हणून २०१७ च्या सुमाराला त्यांनी एका भागाचे दोन केले आणि मधल्या फटीत जाहिराती घातल्या. जुलै २०२१ पासून मध्ये जाहिरात लावायला मुभा मिळाली आणि हा प्रकार थांबला. असल्या मालिकेत विषम आकड्याचा भाग बघून थांबू नका, प्रसंग मध्येच तुटतो.

शहापूर_बेळगाव
टिळकवाडीकरांनी लांबीचं सांगितलं ते पटलं. खरं दुबळेपणा नुसता लांबीचा नाही, माणसं कशी रंगवतात त्यातही आहे, आणि ते घरात तरुण मुली बघणार असतील तर स्पष्ट बोलायला हवं.

पहिलं, मनगट धरून ओढणं. २०१५ पर्यंतच्या मालिकांत नायक भर रस्त्यात नायिकेला मनगट धरून फरफटत नेतो आणि मागं गाणं वाजतं. 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स' (२००९, २५ भाग) यात तर श्रीमंत मुलांचा छळच प्रेम म्हणून पुढं येतो. ती मालिका आज पहिल्यांदा बघणाऱ्याला देऊ नये असं माझं ठाम मत आहे. अलीकडं हे बरंच कमी झालंय. नायक विचारतो, थांबतो.

दुसरं, नायिकेची नोकरी. पहिल्या चार भागांत तिचं काम बारकाईनं दाखवतात, दहाव्यानंतर ते काम दिसेनासं होतं. मालिका चांगली की वाईट हे ओळखायची माझी खूण हीच. बाराव्या भागात ती कामावर दिसते का? 'माय लव्हली साम सून'ची नायिका केक-पेस्ट्री करते आणि शेवटपर्यंत करते. तिशीला आलेली, अंगानं भरलेली, तोंडानं फटकळ बाई नायिका झाली, आणि २००५ मध्ये शेवटच्या भागाला ५० टक्क्यांच्या वर प्रेक्षक मिळाले.

तिसरं, गोष्टीत घुसलेली जाहिरात. २०१० पासून तिथं कथेत वस्तू दाखवून पैसे घेणं कायदेशीर आहे. दोघं अचानक सँडविचच्या दुकानात बसतात, थकलेला माणूस खिशातून कॉफीची गोळी काढतो आणि वेष्टण कॅमेऱ्याकडं वळवतो. खर्च त्यातून निघतो, म्हणून समजून घ्यावं. खरं गंभीर प्रसंगाच्या ऐन मध्ये आलं की रसभंग होतोच.

आणि श्रीमंतीचं वेड. दर दुसऱ्या मालिकेत नायक उद्योगपतीचा वारस. म्हणूनच 'बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ' (२०१७, १६ भाग) मला सगळ्यात जवळची. नायकाकडं फ्लॅट आहे आणि डोक्यावर त्या फ्लॅटचं कर्ज, म्हणून तो खोली भाड्यानं देतो. नायिका मालिकांच्या लेखकांची मदतनीस आहे आणि तिच्याकडं राहायला जागा नाही. लग्न ठरतं ते भाडं आणि हप्त्याच्या हिशेबावर. पुढं सासरच्या पितरांच्या विधीला ती राबते आणि त्याची फेड म्हणून तो तिच्या माहेरी किमची घालायला जातो. कोबीची पानं मिठात मुरवलेली, त्यांना हातमोजे घालून लाल मसाला चोळत बसलेला तो शहरी माणूस बघा. सुनेच्या श्रमाची किंमत काय, यावर एवढं सरळ बोललेलं मी प्रेमकथेत क्वचितच बघितलंय.

निपाणी_वाचक
सगळ्यांचे मनापासून आभार. अक्का, ते 'री' आणि 'यो'चं वाचून लगेच एक प्रसंग लावून ऐकला. खरंच ऐकू येतं. मग सासूबाईंसाठी सुरुवात कुठून करू? आणि रोज किती बघावं?

खानापूर_अक्का
'बिझनेस प्रपोजल' (२०२२). बाराच भाग, म्हणजे साधारण १३ तास. मैत्रिणीच्या जागी नायिका बघण्याच्या कार्यक्रमाला जाते, मुलानं नकार द्यावा म्हणून मुद्दाम वाईट वागते, आणि मुलगा निघतो तिच्याच कंपनीचा प्रमुख. बघण्याचा कार्यक्रम म्हणजे काय हे आपल्या घरात कुणाला समजावावं लागत नाही, त्यामुळं भाषेची अडचण पहिल्याच भागात निम्मी होते. नायक श्रीमंत आहे, शहापूरकरांची तक्रार इथं लागू होते, खरं विनोद नीट बांधलेला आहे. डबिंगवरच बघा. ऑडिओच्या यादीत हिंदी आहे का ते आधी तपासा. आणि हिंदी आवाज लावून खाली इंग्रजी अक्षरं ठेवू नका. दोन्हींचे अनुवाद वेगळे असतात, डोकं भंडावतं.

त्यानंतर 'होमटाऊन चा-चा-चा' (२०२१, १६ भाग). समुद्राकाठचं छोटं गाव, शहरातून आलेली दाताची डॉक्टर, आणि गावातल्या म्हाताऱ्या बायका. सासूबाईंना त्या बायकाच जास्त आवडतील. शेवटच्या काही भागांत नायकाच्या भूतकाळाचं ओझं येतं आणि हसणं थांबतं, तेवढी कल्पना देऊन ठेवा. 'फर्स्ट लाइफ' तिसरी, आणि ती मूळ आवाजात. पुतणीनं सबटायटल मोठ्यानं मराठीत सांगत जावं. वेग वाढवून बघू नका, त्यात बोलण्याइतकंच गप्प बसण्यालाही काम आहे.

टिळकवाडीकर
रोज किती याचं: दोनच्या वर नको, आणि थांबायचं भागाच्या शेवटी नाही. प्रत्येक भाग मुद्दाम अडकवून संपवतात, तिथं थांबलं की झोप उडते आणि तिसरा लावला जातो. पुढच्या भागाची पहिली दहा-पंधरा मिनिटं बघा. गाठ तिथं सुटते, कथा जरा बसते, तिथं बंद करा.

आणखी एक, हे बरेचजण चुकवतात. 'क्रॅश लँडिंग' आणि 'होमटाऊन'सारख्या मालिकांत भाग संपल्यासारखा वाटल्यावर दोन-तीन मिनिटांचा एक तुकडा येतो. त्यात मघाशी दिसलेलाच प्रसंग दुसऱ्या बाजूनं दाखवतात, आणि तो तेव्हा असं का वागला ते तिथं कळतं. नावं सुरू झाली की पडद्यावर 'पुढचा भाग'चं बटण येतं आणि काही सेकंदांत आपोआप पुढं जातं. आपोआप पुढचा भाग लागण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन आधीच बंद करून ठेवा.