मदत हवी आहे : मॉडिफाय केलेल्या कॉन्टेसाचा विमा, एजंट म्हणतो किंमत फक्त ६० हजार

सातपुडा_ड्रायव्हर (रावेर)
नमस्कार मंडळी. घाईत आहे, थोडक्यात लिहितो. माझ्याकडे कॉन्टेसा क्लासिक आहे, १९९४ची. दोन वर्षं खपून नव्यासारखी केली. इंजिन, गिअरबॉक्स, पुढे डिस्क ब्रेक, १६ इंची अलॉय, फायबरचे रुंद फेंडर, बकेट सीट, रंग, सगळं केलं. आजवर ११ लाख ४० हजार गेले, वहीत पै न् पै लिहिलेली आहे. आता फुल विमा काढायला गेलो तर एजंट म्हणतो आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरायची गाडीची किंमत, ६० हजार धरू, त्याच्यावर सिस्टीम घेत नाही. अहो, ६० हजारांत माझी चार चाकं आणि टायर येत नाहीत! २२ दिवसांनी चुलतभावाचं लग्न आहे, वरात धुळ्याला जाणार, आणि ही गाडी नेणारच. ११ लाखांचा विमा कोण देईल ते सरळ सांगा.

भुसावळ_जंक्शन
गाडी एक नंबर शे भो! फोटो टाक ना. माझ्या मामांकडे पांढरी कॉन्टेसा होती, आम्ही सात जण तिच्यातून सापुताऱ्याला गेलेलो. मागच्या सीटवर झोप यायची अशी गादी. रंग कोणता दिला?

पद्मिनीवाला_अमळनेर
भाऊ, तीस वर्षांच्या गाडीला फुल विमा कशाला? मी माझ्या पद्मिनी गाडीला १२ वर्षं फक्त थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरता विमा काढतोय. तुझी १५०० सीसीच्या वरची, म्हणजे ७,८९७ रुपये अधिक जीएसटी. कायद्याला तेवढंच लागतं. बाकीचे पैसे बँकेत वेगळे ठेव, तोच तुझा विमा. दाव्याच्या वेळी कंपन्या काही देत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

नोंदवही (जळगाव)
मी मोटार दाव्यांच्या सर्व्हेत २६ वर्षं काढली. कंपनीचं नाव सांगण्याआधी चार गोष्टी विचारतो. आरसीवर जो इंजिन नंबर आहे तोच गाडीत आहे का? नोंदणीची मुदत कधीपर्यंत आहे? आरसी कोणाच्या नावावर आहे? आणि मागची पॉलिसी कधी संपली?

सातपुडा_ड्रायव्हर
काका, आरसी आहे, एमएच १९ची. मी विम्याचं विचारतोय, आरटीओचं नाही. रंग गडद निळा केलाय, आधी पांढरा होता.

जुन्या_गाड्या_धुळे
सोपा उपाय आहे. व्हिंटेज नोंदणी करून टाका. २०२१ला केंद्राने नियम आणलेत, नंबरात 'व्हीए' येतं, १० वर्षांची नोंदणी मिळते. वर व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी गाडीला थर्ड पार्टी हप्त्यात ५० टक्के सूट आहे. मी सगळ्यांना हेच सुचवतो.

नोंदवही
धुळेकर, नियम बरोबर सांगितलात, पण ही गाडी त्यात बसत नाही. त्याला ५० वर्षं पूर्ण लागतात. कॉन्टेसा बाजारात आली १९८४ला, म्हणजे सगळ्यात पहिली कॉन्टेसासुद्धा २०३४ला पन्नाशी गाठेल. यांची तर २०४४ला. शिवाय गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. आणि अशी नोंदणी झाली की रोजच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली आणि दुरुस्ती-पेट्रोलपुरतीच रस्त्यावर आणता येते. वरातीला नाही.

चाळीसगाव_मीरा
सातपुडा दादा, नोंदवही काका विचारतात ते टाळू नका. आमच्या घरी घडलंय म्हणून लिहिते. माझ्या मिस्टरांची जुनी पेट्रोल जीप होती, तिच्यात डिझेल इंजिन बसवलं. सगळेच बसवायचे. आरसीवर पेट्रोलच राहिलं. फुल विमा दरवर्षी भरला. कन्नड घाटात गाडी कठड्याला घासत खाली गेली, माणसं वाचली. सर्व्हेअर आले, त्यांनी डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने इंजिनाचा नंबर पुसला, आरसी शेजारी धरली, मोबाईलवर फोटो घेतला आणि काहीच बोलले नाहीत. तीन आठवड्यांनी पत्र आलं, दावा नामंजूर. गाडीत केलेला बदल कळवला नाही, हे कारण. सहा वर्षांचे हप्ते भरून हातात काही आलं नाही.

पद्मिनीवाला_अमळनेर
बघा! मी म्हणत होतो तेच. फुल विमा म्हणजे पाण्यात पैसे.

चाळीसगाव_मीरा
नाही दादा, मी ते म्हटलेलं नाही. इंजिनाची नोंद केली असती तर पैसे मिळाले असते. चूक आमच्या कागदाची होती.

केळीबाग
कुणी विचारलं नाही तरी सांगतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि गॅस्केट त्याने फुगतात, तडकतात. माझ्या फियाटचा पाइप गळायला लागला, नशीब वास लगेच आला. इथेनॉल चालणारे पाइप आधी टाकून घे. आणि उन्हाळ्यात आपल्याकडे ४५ अंश असतं, रेडिएटर तीन रांगांचा हवा. पंखा कुठला बसवलाय?

सातपुडा_ड्रायव्हर
पाइप नवे आहेत. पंखा इलेक्ट्रिक, दोन.
बरं, सगळे एकच विचारताय तर सांगतो. इंजिन वेगळं आहे. मूळचं इसुझूचं १.८ पेट्रोल होतं, आता दोन लिटरचं जपानी पेट्रोल आहे, दिल्लीच्या सेकंडहँड मार्केटमधून आणलं. पक्कं बिल नाही. आरसी वडिलांच्या नावावर आहे, ते २०२१ला गेले. नोंदणीची मुदत २०२४पर्यंत होती, तेव्हा गाडी गॅरेजमध्ये उघडी पडलेली होती म्हणून नूतनीकरण राहिलं. पॉलिसी वडील गेले त्याच वर्षी संपली.
ही गाडी वडिलांनी केळीचे पैसे आले तेव्हा घेतलेली. मागच्या डाव्या दारावर बैलगाडीचं जू घासलेली खूण होती. रंगाऱ्याला सांगून तेवढी तशीच ठेवली, निळ्या रंगाखाली हाताला अजून लागते. मला ती ६० हजारांची म्हणवत नाही, बस.

नोंदवही
आता कळलं. भाऊ, तुमचा राग मी समजू शकतो. पण ११ लाखांची पॉलिसी उद्या मिळाली तरी आज तिचा काही उपयोग नाही. कारणं सांगतो.

गाडी ज्यांच्या नावावर आहे ते हयात नाहीत. आधी वारस म्हणून नावावर करून घ्या, फॉर्म ३१. मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागेल. त्यानंतर नोंदणीचं नूतनीकरण, त्याला गाडी तपासणीला न्यावी लागते. २० वर्षांवरच्या कारला आता १०,००० रुपये फी आहे, हरित कर वेगळा. मुदत संपलेल्या नोंदणीवर विमा असून नसल्यासारखा असतो. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरती नोंदणी संपलेल्या एका गाडीचा चोरीचा दावा याच मुद्द्यावर नाकारला होता.

इंजिनाचं सगळ्यात अवघड. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करायचा नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन असेल तर आरटीओच्या परवानगीने नंबर बदलून मिळतो. दुसऱ्याच कंपनीचं, तेही बिलाशिवाय, नोंदवून मिळेल अशी आशा मी तुम्हाला देणार नाही. मालकाला एकेका बदलामागे ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. म्हणून विचारतो, जुनं इंजिन आहे की विकलं?

पद्मिनीवाला_अमळनेर
काका, घाबरवताय तुम्ही त्याला. रस्त्यावर अर्ध्या जीपा इंजिन बदललेल्या आहेत. थर्ड पार्टी काढायची आणि वरात करून यायची.

नोंदवही
पद्मिनीवाले, एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्यावर रात्री वरातीची गाडी, आत पाचजण. कोणाला काही झालं आणि कंपनीने भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करायची ठरवली, तर यांच्या केळीच्या बागेवर येईल. मी अशी घरं बघितली आहेत. घाबरवत नाही, सांगतोय.

सातपुडा_ड्रायव्हर
जुनं इंजिन आहे. गोठ्यात ताडपत्रीखाली, गिअरबॉक्ससकट. विकायला जीव झाला नाही.

भुसावळ_जंक्शन
मग मिटलं ना भो! बसव परत. मामांच्या कॉन्टेसात तेच इंजिन होतं, मस्त चालायचं.

नोंदवही
विकलं नाहीत, फार चांगलं केलंत. तेच बसवा. चासी आणि इंजिन नंबर आरसीशी जुळले की पुढचं सगळं सुकर होतं. रंगाची नोंद पांढऱ्याची निळी करून घ्या. फेंडर तपासणीआधी अधिकाऱ्याला दाखवा, चाक बॉडीच्या बाहेर येत असेल तर काढावे लागतील.

आता तुमचा मूळ प्रश्न. आयडीव्हीचा घसाऱ्याचा, म्हणजे वयानुसार किंमत कमी धरण्याचा तक्ता पाच वर्षांपर्यंतच आहे, शेवटच्या टप्प्यात ५० टक्के. पाच वर्षांपुढच्या किंवा उत्पादन बंद झालेल्या मॉडेलची किंमत कंपनी आणि मालक यांच्या परस्पर संमतीने ठरते. कॉन्टेसा २००२पासून बंद आहे. म्हणजे ६० हजार हा कायदा नाही, तो एजंटच्या सिस्टीममधला आकडा आहे. बऱ्याच कंपन्या १५ वर्षांपुढे ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा देतच नाहीत, म्हणून ॲपवर वेळ घालवू नका. सरकारी विमा कंपनीच्या शाखेत स्वतः जाऊन शाखाधिकाऱ्याला भेटा, लेखी मागणी द्या. सोबत मूल्यांकनाचा अहवाल, कामाची बिलं, गाडीच्या चारही बाजूंचे, खालचे आणि इंजिनाचे फोटो. पॉलिसी खंडित आहे, त्यामुळे तपासणी होणारच. अलॉय, सीट, म्युझिक सिस्टीम प्रस्तावात वेगळी लिहा. इलेक्ट्रिकल सामानाला त्याच्या किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता असतो. लिहिलं नाही तर ते विम्यात नाही.

११ लाख मागू नका. खर्च केलेली रक्कम आणि गाडीची किंमत या दोन गोष्टी वेगळ्या. पत्रा, रंग, ब्रेकचं काम किमतीत येतं. काढून टाकलेल्या जपानी इंजिनाचा खर्च येणार नाही. चांगल्या कॉन्टेसा सध्या कितीला विकल्या जातात त्याच्या दोन-चार जाहिराती जोडा, मूल्यांकन करणाऱ्याला तेच लागतं.

पण ६० हजारही घेऊ नका. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेली असं धरतात. ६० हजारांचे ७५ टक्के म्हणजे ४५ हजार. बॉनेट, बंपर, रेडिएटर आणि रंग, झालं. दाराची ती खूण भंगारात जाईल.

चाळीसगाव_मीरा
काका, घसारा पण सांगा त्यांना. आम्हाला तेही माहीत नव्हतं.

नोंदवही
हो ताई. दहा वर्षांवरच्या गाडीला धातूच्या भागांवर ५० टक्के कापतात. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरीवर ५०, फायबरवर ३०. काचेवर काही नाही, मजुरी पूर्ण मिळते. रंगाच्या सामानावर ५०. आणि १५०० सीसीवर प्रत्येक दाव्यात पहिले २,००० आपले. घसारा न कापणारी झिरो डेप पॉलिसी या वयाला मिळणार नाही.

पद्मिनीवाला_अमळनेर
म्हणजे अर्धंच मिळणार. मी माझ्या मतावर ठाम आहे. पण इंजिनाचं काकांचं पटलं.

जुन्या_गाड्या_धुळे
ते जपानी इंजिन विकणार असाल तर कळवा.

सातपुडा_ड्रायव्हर
काल रात्री ताडपत्री काढली. ब्लॉकवरचा नंबर वायरब्रशने साफ केला, आरसीशी जुळला. आईला आणि धाकट्या भावाला घेऊन सोमवारी जळगावला फॉर्म ३१साठी जातोय. मिस्त्री म्हणतो इंजिन बसवायला १५ दिवस, वायरिंग बदललंय म्हणून. २२ दिवसांत कागद होत नाहीत, हे मला आता दिसतंय. वरातीला चुलतभावासाठी दुसरी गाडी बघतो, त्याला सांगितलंय. काका, मूल्यांकन इंजिन बसवण्याआधी करायचं की नंतर?

नोंदवही
नंतर. आणि आरसी तुमच्या नावावर आल्यावरच. फोटो मात्र आजपासून काढत राहा, गोठ्यातल्या इंजिनाचासुद्धा.