मदत हवी आहे: वाचनालयासाठी डीबीएमएस कोणतं घ्यावं? प्रकार वाचून डोकं गरगरलंय

मंडळी, नमस्कार. मी संगणकवाली नाही. नोकरीत टॅली आणि एक्सेल, एवढीच ओळख. शनिवार-रविवार गावातल्या वाचनालयात मदतीला जाते. तिथली साधारण अकरा हजार पुस्तकं आणि साडेचारशे सभासद एका एक्सेलमध्ये आहेत आणि ते एक्सेल आता आवरेनासं झालंय.

फाइल पेनड्राइव्हवरून दोन कॉम्प्युटरांत फिरते. त्यामुळे 'फायनल', 'फायनल२' आणि 'खरी फायनल' अशा तीन फाइली झाल्यात आणि तिन्हींत देवघेव वेगवेगळी. पुलंची पुस्तकं शोधायची तर 'पु. ल. देशपांडे', 'पु.ल.देशपांडे', 'देशपांडे पु. ल.' असं तीनदा शोधायचं. गेल्या महिन्यात तर कहर झाला. कुणीतरी फक्त लेखकांचा कॉलम सॉर्ट केला, एक्सेलने विचारलं ते न वाचताच पुढे गेलं आणि सेव्ह करून घरी गेलं. पाककृतींच्या पुस्तकापुढे जयंत नारळीकर! हाताने लिहिलेली दाखल नोंदवही होती म्हणून वाचलो.

भाचा म्हणाला, "मावशी, डीबीएमएस वापर, म्हणजे डेटाबेस मॅनेजमेंट सिस्टम." शोधायला गेले तर हायरार्किकल, नेटवर्क, रिलेशनल, ऑब्जेक्ट ओरिएंटेड, नोएसक्यूएल... सगळीकडे त्याच चार ओळींच्या व्याख्या. डेटाबेस आणि डीबीएमएस वेगळे का? इतके प्रकार कशाला? आणि आमच्यासारख्यांनी कोणता घ्यायचा? कुणी सोप्या भाषेत सांगेल का?

प्रतिसाद: कारकून

ताई, पुस्तकं म्हणजे डेटाबेस आणि काउंटरवर बसलेला ग्रंथपाल म्हणजे डीबीएमएस, तो डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर. एक्सेलमध्ये वाचक थेट कपाटात हात घालतो. इथे प्रत्येकाने ग्रंथपालाकडेच मागायचं. दोघांनी एकच प्रत एकदम मागितली तर तो एकालाच देतो. नियमात न बसणारी नोंद घेतच नाही. आणि नोंद अर्धी झाली असताना वीज गेली तर ती अर्धी नोंद पुसून टाकतो. एकतर पूर्ण, नाहीतर मुळीच नाही.

प्रकार पाठ करू नका, ते का आले ते बघा. आयबीएमचं आयएमएस 1968 च्या सुमारास अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांच्या यादीसाठी उभं राहिलं. यानात इंजिन, इंजिनात पंप, पंपात स्क्रू. झाडासारखी रचना, प्रत्येक वस्तूला एकच बाप. हे हायरार्किकल. आता तुमचं पुस्तक घ्या. लेखकाखाली पुस्तक टांगलंत, पण पुस्तक दोघांनी मिळून लिहिलेलं असेल तर? दोनदा लिहावं लागणार. एका नोंदीला अनेक बाप चालतील अशी सोय नेटवर्क प्रकारात झाली. चार्ल्स बाकमन यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये त्याचा पाया घातला. पण कुठल्या नोंदीवरून कुठे जायचं ती वाट प्रोग्रामरला ठाऊक लागायची.

1970 मध्ये आयबीएमच्याच एडगर कॉड यांनी ही वाटच काढून टाकली. सगळं साध्या टेबलांत ठेवा, टेबलं एकमेकांशी जुळतील ती त्यांत लिहिलेल्या सारख्या क्रमांकांवरून किंवा नावांवरून. काय हवं तेवढं सांगा, कसं शोधायचं ते डीबीएमएस बघेल. हे रिलेशनल, आणि त्याच्याशी बोलायची भाषा एसक्यूएल. तुमचं उत्तर इथेच आहे.

बाकीचे आत्ता विसरा. नोएसक्यूएल म्हणजे टेबलांपलीकडचे प्रकार: दर नोंदीचा साचाच वेगळा असेल तर मोंगोडीबीसारखं डॉक्युमेंटवालं, कोण कुणाला ओळखतं असली जाळी शोधायची तर निओफोरजेसारखं ग्राफवालं. पुस्तक, सभासद, तारीख यांचा साचा रोज बदलत नाही. 'नोएसक्यूएल नवीन म्हणून चांगलं' असं कुणी म्हणालं तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

प्रतिसाद: खटाटोप

सहमत. एक भर घालतो, कारण नवखे इथेच चुकतात: पुस्तक आणि प्रत यांची टेबलं वेगळी ठेवा. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर नाव एकदाच, दाखल क्रमांक मात्र पाच वेगवेगळे. देवघेव प्रतीची होते, पुस्तकाची नाही. लेखकांचं टेबल वेगळं, आणि पुस्तक-लेखक जोडणारं एक छोटं टेबल. पुलं तिथे एकदाच लिहायचे, बाकी सगळीकडे त्यांचा क्रमांक. दाखल क्रमांक ही प्रत-टेबलाची प्रायमरी की, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा घेतलाच जाणार नाही.

प्रतिसाद: धागाकर्ती

कारकूनदादा, खटाटोपदादा, आता कुठे डोक्यात शिरलं! पण मग डाउनलोड काय करू? भाचा एसक्यूलाइट म्हणतोय.

प्रतिसाद: कारकून

एकच कॉम्प्युटर असेल तर भाचा बरोबर. एसक्यूलाइट म्हणजे एकच फाइल, वेगळा सर्व्हर, म्हणजे सतत चालू असणारा प्रोग्राम, लागत नाही. फक्त त्यात फॉरेन कीची (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या क्रमांकाची) तपासणी मुळात बंद असते, दर वेळी जोडणी केली की चालू करावी लागते. नाहीतर नसलेल्या सभासदाच्या नावावरही पुस्तक जाईल. पण तुमचे कॉम्प्युटर दोन आहेत. ती फाइल नेटवर्कवर ठेवून दोघांनी लिहू नका, तिथे लॉकिंगचा, म्हणजे एकजण लिहीत असताना दुसऱ्याला थांबवण्याचा, भरवसा नाही. मारियाडीबी किंवा पोस्टग्रेसक्यूएल हे सर्व्हरवालं रिलेशनल डीबीएमएस एकावर बसवा, दुसरा त्याला जोडा. दोन्ही फुकट.

खरं सांगू का, स्वतः बांधायच्या आधी कोहा बघा. न्यूझीलंडमधल्या एका वाचनालयासाठी बनलेलं, 2000 पासून वापरात असलेलं, वाचनालयाचा कारभार सांभाळणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे, आत मारियाडीबी किंवा मायएसक्यूएलच असतं. केंद्र सरकारच्या एनआयसी या संगणक संस्थेचं ई-ग्रंथालयही आहे, तेही वाचनालयांसाठीच. टेबलं शिकायचीच असतील तर शंभर पुस्तकांवर शिका, अकरा हजारांवर नको.

प्रतिसाद: खटाटोप

ताई, जुना डेटा श्रीलिपीत (जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये) टाइप केलाय की युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरांत)? श्रीलिपीत असेल तर आधी तो बदलून घ्या. नाहीतर 'देशपांडे' शोधाल आणि कुठल्याही डीबीएमएसमध्ये एकही नोंद सापडणार नाही.

प्रतिसाद: धागाकर्ती

अर्धा श्रीलिपीत आहे. 😭 रविवारी बसते.