मदत हवी आहे: जुन्या स्प्लेंडरला सिंथेटिक ऑइल घालावं का?

मंडळी, बाबांची २०११ची स्प्लेंडर आता मी वापरतोय. रोज वाई-सातारा जाऊन-येऊन, शिवाय अधूनमधून पसरणी घाट चढून पाचगणी. आजवर साधं मिनरल ऑइलच (कच्च्या तेलापासून बनवलेलं) घातलंय, ग्रेड म्हणजे दाटपणा १०डब्ल्यू-३०. गॅरेजवाले काका म्हणतात, "जुन्या गाडीला सिंथेटिक नको, सील गळायला लागतील." ऑफिसातला मित्र म्हणतो, एकदा घालून तर बघ. किंमत ऐकूनच मी जरा थबकलोय.

सिंथेटिक जास्त उष्णतेत टिकतं आणि थंडीत इंजिन सुरू करताना पटकन पोचतं, एवढं माहीत आहे. बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाइकच्या ऑइलचं मानक) बघून घ्यायचं, कारचं ऑइल घातलं तर क्लच स्लिप होऊ शकतो, हेही ठाऊक आहे.

अडलंय ते पुढे. क्लच कव्हरच्या कडेवरून बोट फिरवलं की तेलकट काळी धूळ लागते, पण खाली थेंब पडत नाही. अशा गाडीत सिंथेटिक घातलं तर गळती वाढते का? की आधी गॅस्केट (कव्हरच्या सांध्यातली पट्टी) बदलून घ्यावं? दुसरं, सिंथेटिक जास्त किलोमीटर चालतं म्हणतात, पण या इंजिनात कागदी फिल्टर नाही, नुसती जाळी आणि सेंट्रिफ्यूगल फिल्टर (गरगर फिरून कचरा कडेला फेकणारा). मग कचरा तर आतच राहणार ना? त्यापेक्षा मिनरलच वेळेवर बदलत राहावं असं मला वाटतं.

सेमी-सिंथेटिक (मिनरल आणि सिंथेटिकचं मिश्रण) कुणी वापरलंय का? ज्यांनी शंभर सीसीच्या जुन्या गाडीत खरंच बदलून बघितलंय, त्यांनी कृपया ग्रेडसकट सांगा.