फोटोंची नावं एकगठ्ठा बदलायचीत, पण कॅमेऱ्याने दिलेलं मूळ नाव हरवायला नको – सल्ला द्या

चाळकरी_गिरगाव:
नमस्कार मंडळी. चुलत बहिणीच्या लग्नाचे फोटो माझ्या गळ्यात आलेत. दोन कॅमेरे (माझा आणि मित्राचा, दोन्ही निकॉन), साडेतीन हजारांच्या आसपास फाइली, बऱ्याचशा रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आणि जेपीजी अशा जोडीने. सगळ्यांची नावं डीएससी_४५१२ छाप. मला त्यात तारीख आणि प्रसंग (हळद, सीमंतपूजन, सप्तपदी, वरात) घालायचाय. गोची अशी की मावशीने अल्बमसाठी निवडलेल्या फोटोंचे नंबर वहीत लिहून ठेवलेत, पानंच्या पानं. ते नंबर गेले तर मला त्या घरात चहा मिळणार नाही. विंडोज १० चा जुना लॅपटॉप आहे. बजेट शून्य, अगदीच नाइलाज असेल तर ५००. काय वापरू?

ठाणे_स्लो:
सरळ मॅकबुक घ्या. फाइली निवडा, राइट क्लिक, रीनेम. त्यात 'अ‍ॅड टेक्स्ट' आहे, मूळ नावाला धक्का न लावता पुढे किंवा मागे हवं ते जोडता येतं. मी घेतल्यापासून विंडोजचं तोंड पाहिलेलं नाही.

चाळकरी_गिरगाव:
५०० रुपयांत मॅकबुक कुठे मिळतंय तेवढं सांगा, पहाटेपासून रांगेत उभा राहतो.

भांडुपकर:
नावं राहू द्या, आधी दोन हार्ड डिस्क घ्या. लॅमिंग्टन रोडला जा, पहिल्या दुकानात भाव ऐकून नुसतं हसायचं आणि पुढे चालायला लागायचं. तिसऱ्या दुकानात योग्य भाव मिळतो. मी आजवर छापील किमतीला काही घेतलेलं नाही.

अबोली_पार्ले:
काहीही करा, पण सगळ्या फाइली निवडून एफ-२ दाबू नका. माझ्या भाच्याने मुंजीच्या फोटोंचं तसंच केलं. सगळे 'मुंज (१)', 'मुंज (२)' असे झाले आणि मूळ नंबर गायब. लगेच कंट्रोल-झेड दाबलं असतं तर परत आले असते, पण याने लॅपटॉप बंद केला आणि क्रिकेट खेळायला गेला.

जुना_रोलवाला:
अडोबी ब्रिज, फोटो बघायचं-लावायचं सॉफ्टवेअर. लाइटरूम-फोटोशॉपचं भाडं न भरताही फुकट मिळतं, फक्त खातं उघडावं लागतं. त्यात 'बॅच रीनेम' आहे आणि त्याच खिडकीत खाली एक चौकट आहे, चालू नाव एक्सएमपी मेटाडेटात (म्हणजे फोटोसोबत साठवलेल्या माहितीत) जपून ठेवायची. ती टिक केली की जुनं नाव फाइलच्या पोटात राहतं. उद्या पस्तावलात तर त्याच खिडकीत 'प्रिझर्व्ड फाइलनेम' निवडून सगळं मूळपदावर आणता येतं. एकच लक्षात ठेवा, रॉ फाइलच्या बाबतीत ही माहिती शेजारच्या .एक्सएमपी फाइलमध्ये जाते. ती कचरा समजून उडवलीत की नाव गेलं.

कटवडा:
ब्रिज कशाला तो अवजड! एक्झिफटूल घ्या. फिल हार्वे नावाच्या माणसाने बनवलंय, फुकट आहे, खिडकीबिडकी काही नाही, फक्त कमांड. आधी मूळ नाव त्याच प्रिझर्व्ड फाइलनेममध्ये लिहायचं, मग फोटो काढल्याच्या तारीख-वेळेवरून नवं नाव द्यायचं. तारीख पुढे वर्ष-महिना-दिवस अशीच, म्हणजे रांग आपोआप लागते. कमांड इथे देवनागरीत लिहून उपयोग नाही, निरोप पाठवा, देतो. माहिती लिहिताना ते प्रत्येक फाइलची एक मूळ प्रत शेजारी ठेवतं, तेव्हा डिस्कवर तेवढी जागा आहे का बघा.

भांडुपकर:
म्हणूनच म्हटलं, हार्ड डिस्क घ्या.

अबोली_पार्ले:
प्रसंगांची नावं मराठीतच द्या हो. हळदीला रोमनमध्ये लिहिलेलं बघवत नाही.

जुना_रोलवाला:
ताई, भावना पोचली. पण दादरच्या एका अल्बमवाल्याकडे मी देवनागरी नावांच्या फाइली दिल्या होत्या. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे चौकोन उमटले. फोल्डरला मराठी नाव द्या, फाइलला रोमन.

अबोली_पार्ले:
मग अल्बमवाल्याने सॉफ्टवेअर बदलावं. आपणच का बदलायचं दर वेळी?

ठाणे_स्लो:
+१ ताईंना. मॅकवर चौकोन येत नाहीत.

रात्रपाळी:
एक मूलभूत प्रश्न कोणीच विचारला नाही. दोन्ही कॅमेरे निकॉन, म्हणजे दोन्हीकडे डीएससी_४५१२ असू शकतो. कॅमेऱ्यांच्या ठरलेल्या पद्धतीत नाव आठ अक्षरांचं, शेवटचे चार आकडे, ९९९९ झालं की पुन्हा ०००१. नुसता नंबर म्हणजे ओळख नव्हे. मावशींच्या वहीत कुठला कॅमेरा ते लिहिलंय का? आणि नुसत्या वेळेवर नावं दिलीत तर अक्षता पडताना एका सेकंदात पाच-सहा फोटो निघालेले असतात, ती नावं एकमेकांवर आदळतील. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवली नसतील तर मंगलाष्टकांआधीच वरात निघायची. पुढच्या वेळी मित्राच्या कॅमेऱ्यात शूटिंग मेनूत 'फाइल नेमिंग' आहे का बघा. निकॉनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत डीएससी ही तीन अक्षरं बदलता येतात.

चाळकरी_गिरगाव:
वहीत निळी शाई म्हणजे माझा कॅमेरा, लाल म्हणजे मित्राचा. मावशी हुशार आहे. घड्याळं मात्र जुळवलेली नाहीत, मित्राचं सात मिनिटं मागे आहे. आणि हो, मित्राच्या फाइलींत अंडरस्कोर डीएससीच्या आधी आहे, माझ्यात नंतर. ते का?

रात्रपाळी:
त्याच्या कॅमेऱ्यात रंगांसाठी अडोबी आरजीबी लावलंय. तसं असलं की अंडरस्कोर पुढे जातो. नाव सोडा, त्याचे जेपीजी एसआरजीबीमध्ये, म्हणजे नेहमीच्या रंगपद्धतीत, बदलून मगच छपाईला द्या, नाहीतर शालू फिका दिसेल.

तिसरा_मजला:
एवढं सगळं कशाला? इरफानव्ह्यू घ्या, इवलंसं आहे, घरगुती वापराला फुकट. 'बॅच रीनेम'मध्ये नावाच्या साच्यात डॉलर एन लिहिलं की त्या जागी मूळ नाव येतं, त्याच्या पुढे-मागे हळद, वरात काय ते लिहा. रॉ आणि जेपीजीची जोडी फुटत नाही, कारण दोघांचं मूळ नाव एकच असतं. साच्यात अनुक्रमांक घातलात तर मात्र रॉला ०००१ आणि त्याच्याच जेपीजीला ०००२ मिळेल. आणि चुकून 'बॅच कन्व्हर्जन' निवडू नका, त्यात जेपीजी नव्याने दाबले जातात. तारीख पुढे घ्या, कटवडा म्हणतायत ते बरोबर आहे.

कटवडा:
तारीख पुढे. हे मी आधीच सांगितलंय.

अबोली_पार्ले:
तारीख पुढेच बरी. आणि मावशींना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवू नका, तिथे नाव बदलतं आणि तारखेची माहितीही पुसली जाते. पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून.

चाळकरी_गिरगाव:
सगळ्यांचे आभार. काम झालं. ऑफिसातल्या एकाने पॉवरटॉइज टाकून दिलं, मायक्रोसॉफ्टचंच आहे, फुकट. त्यात पॉवररीनेम आहे. एकेका प्रसंगाचं फोल्डर उघडायचं, डीएससी शोधायचं आणि त्या जागी निळी_हळद_डीएससी घालायचं, मित्राच्यासाठी लाल. शाईचे रंग आणि प्रसंग रोमनमध्येच लिहिले. जुनं नाव डावीकडे, नवं उजवीकडे, बटण दाबायच्या आधीच दिसतं. रॉ, जेपीजी, एक्सएमपी सगळं एका फटक्यात.

तारीख घातली नाही. लग्न एका दिवसाचं, हळद आदल्या दिवशीची, आणि नाव बदललं तरी फोटो काढल्याची तारीख फाइलच्या आत असतेच. मेटाडेटाचाही नाद सोडला, मावशी फोनवर नंबर टाकून शोधते, फाइलच्या पोटातलं तिला दिसणार नाही.

कटवडा:
मग विचारलंत कशाला? तारीख नाही म्हणजे दहा वर्षांनी दुसऱ्या बहिणीच्या लग्नातलाही निळी_हळद_डीएससी_४५१२ निघेल, तेव्हा बघा.

चाळकरी_गिरगाव:
दुसरी बहीण अजून पाचवीत आहे. तिच्या वेळी फोटोग्राफर बोलावू.

भांडुपकर:
म्हणजे हार्ड डिस्क नाहीच घेत?