अकरा पार्ट टायमर आणि एक मुचलका: सही करावी का?

वेदगंगेकाठची

कर्नाटकातल्या निपाणी भागात एका खासगी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. नववं वर्ष. आम्ही पार्ट टायमर अकरा आणि कायम चौघं, त्यातले दोघं रिटायरमेंटच्या दारात. कॉलेज कोण चालवतंय ते समजा. माझं सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, महाराष्ट्राचं, ते सीमेपलीकडं कागलला चालतं, इथं चालत नाही. त्यामुळं इथं मी 'अपात्र'.

आमचं मस्टरसुद्धा वेगळं. कायम लोकांचं प्रिन्सिपल सरांच्या टेबलावर असतं. आमची मात्र शिपायाच्या स्टुलावर दोनशे पानी वही, तिच्या मागच्या पानांवर चहाचा हिशेब. मानधन व्हाउचरवर, रेव्हेन्यू स्टँप आपला आपण आणायचा.

गेल्या महिन्यात अकरा सह्यांचा अर्ज दिला. सुट्टीतलं निम्मं मानधन द्या आणि ऑर्डरवर तासांचा आकडा घाला, एवढंच मागितलं. असले अर्ज आधीही दिलेत, कुणी उघडूनही बघितले नसतील. पण या वेळी खाली 'पार्ट टाइम प्राध्यापक संघटना' असं लिहिलं आणि दुसऱ्याच दिवशी चेअरमननी चहाला बोलावलं. कांदाभजीसकट! "आपण एका घरातली माणसं, घरात कुठं संघटना असते होय?" मग माझ्याकडं बघून, "आणि मॅडम, तुम्हा बायकांना तर बस फुकट झालीय की." शक्ती योजना सरकारची, उपकार मात्र यांचे.

आठवड्यात टाइमटेबल बदललं. तिघा जुन्यांना सोळा-सोळा तास. माझे दहाचे चार झाले, एक सोमवारी सकाळी पहिला, बाकीचे शनिवारी. वर एक कागद आला, कन्नडात. बोलायला मला अडत नाही, पण ऑफिसची कन्नड वाचताना अडखळते, म्हणून शेजारच्या टीचरबाईंकडून वाचून घेतला. 'मुच्चळिके पत्र'. आपला मुचलकाच की, पोलीस लिहून घेतात तसला. मी कुठल्या संघटनेत नाही, पुढंही जाणार नाही, असं लिहून द्यायचं. सोमवारपर्यंत मुदत. सोळा तासवाल्यांपैकी एकानं सही केलीसुद्धा. त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय, त्याला मी काय बोलू.

सही करावी का? आणि संघटना नोंदवायची कुठं?

जुना हेडक्लार्क

सही नको. पण तोंडी 'नाही' म्हणून उठू नका. कागदाची प्रत मागा आणि 'विचार करून कळवते' असं लेखी द्या, पोच घ्या. संघटना करायचा हक्क घटनेच्या १९व्या कलमात आहे. खासगी संस्थेपुढं नुसतं ते कलम पुरत नाही, हे खरं. तरी असला कागद कोर्टात दाखवायची वेळ आली तर संस्थेलाच जड जाईल.

लेबर ऑफिसच्या पायऱ्या झिजवू नका. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९८८ साली सांगितलंय, तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थानं शिक्षक कामगार नाहीत. कर्नाटकाच्या १९६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली जा. सात माणसं लागतात. तुमचे चार फुटले तरी सात उरतात, तेवढे धरून ठेवा.

अजून एक. 'कायम करा' हे आत्ताच लिहू नका. हंगामी लोकांना कायम होण्याचा हक्क नाही म्हणणारा २००६चा उमादेवी निकाल, आपल्याच राज्यातला, तोंडावर फेकतील. तो सरकारी नोकरीचा आहे, पण तुमच्या चेअरमनला ते सांगत कोण बसणार?

गेस्ट बेळगावचा

मी सरकारी कॉलेजात अतिथी उपन्यासक, म्हणजे गेस्ट लेक्चरर. मॅडम, भज्यांपेक्षा ते सोळा तास बघा.

आम्हाला ११ ते १३ हजार मिळायचे. वर्गांवर बहिष्कार घातला, २०२२च्या जानेवारीत सरकारनं ते २६ ते ३२ हजारांवर नेलं. पेढे वाटले आम्ही. मागनं कळलं, आठवड्याचे तास पंधरावर नेलेत. दोघांचं काम एकाला, दुसरा घरी. माझा रूम पार्टनर तसाच गेला, त्याची गादी अजून माझ्याकडं आहे. पुढं तुमकूरच्या सिद्धगंगेपासून बेंगळुरापर्यंत पदयात्रा निघाली तेव्हा कुठं २०२४ साली आणखी पाच ते आठ हजार वाढले. पण तासांची ती फूट काही सांधली नाही.

त्या तिघांना शत्रू करू नका. सोळातले चार-चार तास परत टाकायला सांगा. एकानं जरी टाकले तरी चेअरमनचा डाव बिघडतो.

चंदगडचा सीएचबी

इकडं महाराष्ट्रात या म्हणणार होतो. पण इकडं सीएचबी म्हणजे तासिकेवर पैसे, तास नाही तर पैसे नाहीत. गणपतीत खिसा कोरडा. सेट चालतं एवढंच सुख.

वेदगंगेकाठची

सोमवार झाला. प्रत मागितली तर क्लार्क म्हणाला झेरॉक्स मशीन बंद आहे. मोबाइलवर फोटो काढला. पत्र दिलं, पोच द्यायला तो तयार नव्हता, म्हणून पोस्टात जाऊन रजिस्टर केलं.

सह्या झाल्या तिघांच्या. उरलो आठ. सोळा तासवाल्यांपैकी एक सर स्टाफरूममध्ये कुणी नाही बघून म्हणाले, "मॅडम, बुधवारचे दोन तास तुम्ही घ्या, मी वर काही बोलत नाही." मी घेणार आहे.

आज स्टुलावर आमची वहीच नव्हती. शिपाई म्हणतो, आत घेतलीय. तास घेतला, फळ्याच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ घातली, पोरांसकट फोटो काढून ठेवला. रविवारी आठजण बसतोय. सोसायटीच्या नियमावलीचा नमुना कुणाकडं असला तर टाका, कन्नडातला असला तरी चालेल.